बॅटरी सारखी उतरते: बॅटरी बदलावी, अल्टरनेटर उघडावा की गळती शोधावी?

चार्ज करून ठेवलेली बॅटरी दोन-तीन दिवसांत पुन्हा उतरत असेल तर संशयित तीन असतात: स्वतः बॅटरी, तिला चार्ज करणारा अल्टरनेटर, किंवा गाडी बंद असताना करंट खात बसलेलं एखादं उपकरण, म्हणजेच गळती. सकाळचं लक्षण तिन्हींत एकच. सेल्फ मारला की खटखट, आणि डॅशबोर्डचे दिवे मंद. बॅटरीच्या दुकानात गेलात तर उत्तरही एकच मिळतं, नवी बॅटरी. दोष बॅटरीत नसेल तर ती नवी बॅटरीही त्याच गतीने उतरते, आणि वारंवार पूर्ण उतरल्यामुळे तिचं आयुष्यही घटतं. म्हणून आधी एक साधा डिजिटल मल्टिमीटर घ्या.

तीन रीडिंग

पहिलं रीडिंग सकाळी, गाडी रात्रभर उभी राहिल्यावर. थेट बॅटरीच्या दोन्ही टर्मिनलवर १२.६ व्होल्ट किंवा जास्त म्हणजे पूर्ण चार्ज, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी, १२.० म्हणजे पाव. चार्ज करूनही आकडा १०.५ च्या आसपास अडकत असेल तर सहापैकी एक सेल गेला आहे. पुढे काही तपासायची गरज नाही. गाडी नुकतीच चालवून आणली असेल तर आकडा फुगलेला असतो. हेडलाइट दोन मिनिटं लावून बंद करा, पाच मिनिटं थांबा, मग मोजा.

दुसरं रीडिंग सेल्फ मारताना, कुणाच्या तरी मदतीने. पूर्ण चार्ज असलेली बॅटरी ९.६ व्होल्टच्या खाली जात असेल तर तिच्यात दम उरलेला नाही. ‘पूर्ण चार्ज’ ही अट महत्त्वाची आहे. उतरलेल्या बॅटरीवर ही चाचणी केली तर चांगली बॅटरीही नापास होते. दुकानातल्या टेस्टरने तपासतानाही आधी चार्ज करून मगच तपासा, असा आग्रह धरा.

तिसरं इंजिन चालू असताना. १३.८ ते १४.५ व्होल्ट हवेत. मग हेडलाइट, एसीचा ब्लोअर आणि मागच्या काचेचा डिफॉगर लावा, इंजिन थोडं रेस करा. आकडा १३.२ च्याही खाली राहिला तर अल्टरनेटर किंवा त्याचा ढिला बेल्ट. १५ च्या वर गेला तर व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर बिघडला आहे आणि तो बॅटरीतलं पाणी उकळवतो आहे. स्मार्ट चार्जिंग असलेल्या नव्या गाड्यांत हा आकडा मुद्दाम खालीवर केला जातो, तेव्हा एका रीडिंगवर निकाल देऊ नका.

बॅटरी की अल्टरनेटर

अल्टरनेटर नादुरुस्त असेल तर त्रास चालत्या गाडीतही दिसतो. बॅटरीचं लाल चिन्ह लागतं, सिग्नलला उभं राहिल्यावर हेडलाइट मंदावतात, आणि तासभर गाडी चालवली तरी पुढचा स्टार्ट अवघड जातो. दोष बॅटरीत असेल तर लांबच्या फेरीनंतर गाडी झटकन सुरू होते, रात्रभर उभी राहिली की मान टाकते.

काही गॅरेजमध्ये चालू इंजिनवर बॅटरीचं टर्मिनल काढून अल्टरनेटर ‘तपासतात’. हे कुणालाही करू देऊ नका. बॅटरी निघाल्या क्षणी व्होल्टेज एकदम उसळतं आणि ईसीयू (इंजिन सांभाळणारा संगणक) जळू शकतो.

आणि दोन्हींवर आरोप करण्याआधी टर्मिनल पाहा. कोकणच्या दमट, खाऱ्या हवेत तर हे पहिलं काम. पांढरा-हिरवा थर असेल तर गरम पाण्यात खायचा सोडा घालून धुवा, तारेच्या ब्रशने घासा, आवळा, वर पेट्रोलियम जेली लावा. मीटरची एक टोचणी बॅटरीच्या निगेटिव्हवर आणि दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर ठेवून सेल्फ मारा. ०.३ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थिंगची पट्टी खराब आहे. ही दुरुस्ती बॅटरीच्या किमतीच्या मानाने किरकोळ असते.

बॅटरी की गळती

इथे सगळ्यात जास्त पैसे वाया जातात, आणि निवाडा मात्र फुकटात होतो. बॅटरी पूर्ण चार्ज करा, काही तासांनी व्होल्टेज लिहून ठेवा, निगेटिव्ह टर्मिनल काढा आणि रात्रभर तसंच राहू द्या. सकाळी १२.६ चे १२.३ झाले असतील तर बॅटरी आतूनच गळते आहे, बदला. आकडा टिकला आणि टर्मिनल लावलेल्या रात्री मात्र पडत असेल, तर करंट गाडी खाते आहे.

घड्याळ, सेंट्रल लॉकिंग, ईसीयूची स्मृती यांच्यासाठी ५० मिलीअँपिअरपर्यंतचा खप साधारण मान्य आहे. त्या हिशेबाने दिवसाला १.२ अँपिअर-अवर (बॅटरीची क्षमता याच एककात मोजतात) जातात आणि ३५ अँपिअर-अवरची बॅटरी निम्मी व्हायला दोन आठवडे लागतात. तोच खप ५०० मिलीअँपिअर झाला की दिवसाला १२ जातात, आणि तिसऱ्या दिवशी गाडी बंद.

मोजायचे मार्ग दोन. मल्टिमीटर १० अँपिअरच्या सॉकेटवर लावून निगेटिव्ह केबल आणि टर्मिनल यांच्या मध्ये जोडणं स्वस्त पडतं. पण मीटर मध्ये असताना चावी फिरवली की मीटरचा फ्यूज उडतो. शिवाय केबल काढल्यामुळे गाडीतली सगळी इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल नव्याने जागी होतात आणि अडकून बसलेला दोष काही वेळा तेवढ्यानेच गायब होतो. डीसी क्लॅम्प मीटर केबलभोवती चिमट्यासारखा अडकवतात, त्याला काहीच काढावं लागत नाही, म्हणून माझा कौल त्याला. घेताना नीट पाहा: स्वस्त क्लॅम्प बहुधा फक्त घरच्या विजेसारखा एसी करंट मोजतात, बॅटरीचा डीसी नाही, ते इथे निरुपयोगी.

दोन्हींत गाडी झोपू द्यावी लागते. बॉनेट उघडं ठेवा, दाराच्या लॅचमध्ये स्क्रूड्रायव्हरने खटका बंद करा म्हणजे गाडीला दार लागल्यासारखं वाटेल, चावी लांब ठेवा आणि ३०-४० मिनिटं थांबा. पहिल्या मिनिटाचे दोन-तीन अँपिअर पाहून घाबरू नका.

मग फ्यूज. एकेक उपटत बसलात तर मॉड्यूल पुन्हा जागी होतात. त्याऐवजी फ्यूजच्या डोक्यावरच्या दोन उघड्या टोकांवर मिलीव्होल्ट मोजा. शून्य म्हणजे त्यातून करंट नाही. १० अँपिअरच्या मिनी ब्लेड फ्यूजवर १ मिलीव्होल्ट म्हणजे साधारण १३० मिलीअँपिअर. सर्किट सापडलं की आधी बाहेरून बसवलेल्या गोष्टी पाहा: म्युझिक सिस्टीम (तिची पिवळी म्हणजे कायम चालू आणि लाल म्हणजे चावीवरची वायर एकत्र जोडलेली असेल, तर ती कधीच पूर्ण बंद होत नाही), डॅशकॅम, जीपीएस ट्रॅकर, ओबीडीत (गाडी तपासायच्या सॉकेटमध्ये) लावलेला डोंगल. मग डिकीचा आणि ग्लोव्हबॉक्सचा दिवा. कुठल्याच फ्यूजवर काही दिसत नसेल तर बॅटरीचा निगेटिव्ह काढून अल्टरनेटरची जाड वायर सोडवा, तिचं टोक इन्सुलेट करा आणि पुन्हा मोजा. खप थांबला तर अल्टरनेटरचा डायोड (करंट उलटा जाऊ न देणारा भाग) गळतो आहे. अशा वेळी तिसरं रीडिंग अगदी चोख आलेलं असू शकतं.

बॅटरीच बदलायची ठरली तर

तीन-चार वर्षं झाली असतील, त्यातही विदर्भाच्या उन्हाळ्यात गाडी उघड्यावर राहत असेल, तर बॅटरी बदलायला संकोच नको. उष्णता तिला थंडीपेक्षा जास्त लवकर संपवते. अँपिअर-अवर आणि टर्मिनलची बाजू जुन्यासारखीच घ्या. स्टार्ट-स्टॉप असलेल्या (थांबल्यावर इंजिन आपोआप बंद होणाऱ्या) गाडीत ईएफबी किंवा एजीएम ही खास प्रकारची बॅटरी असेल तर साधी बॅटरी बसवू नका. काढताना आधी निगेटिव्ह, लावताना आधी पॉझिटिव्ह. जुनी बॅटरी दुकानातच द्या, किमतीतून वजावट मिळते.

बॅटरी चांगली असूनही पूर्ण उतरली असेल तर अर्ध्या तासाच्या फेरीने ती भरत नाही. ३५ अँपिअर-अवरला ३.५ अँपिअरने १०-१२ तास चार्जरवर ठेवा. आणि गाडीच महिनाभर उभी राहणार असेल तर आठवड्यातून दहा मिनिटं इंजिन चालू ठेवण्यापेक्षा १० नंबरच्या पान्याने निगेटिव्ह सोडवून ठेवणं केव्हाही बरं.