ऑटो एसी घरीच रीसेट करायचाय: बॅटरीची निगेटिव्ह काढावी की फ्यूज?

बॅटरी बदलली किंवा जंप स्टार्ट दिला, आणि तेव्हापासून ऑटो एसी बिनसला. पॅनलवर 22 दिसतंय, पण ड्रायव्हरकडे गार आणि शेजारच्या सीटकडे कोमट. किंवा पायांकडे हवा मागितली तरी ती काचेवरच जाते. अशा वेळी बहुधा डॅशबोर्डमधले, हवेची दिशा आणि गरम-गार ठरवणारे फ्लॅप फिरवणाऱ्या छोट्या मोटरींचा हिशेब चुकलेला असतो. काही मोटरींना स्वतःची जागा सांगणारा सेन्सर असतो, काही नुसत्या फिरण्याच्या मोजणीवर चालतात. व्होल्टेज मध्येच पडलं की ही मोजणी सरकते. रीसेट करायचं ते एसीच्या मॉड्यूलची, म्हणजे एसी चालवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक डबीची, मेमरी पुसून मोटरींना दोन्ही टोकांपासून मोजणी नव्याने करायला लावण्यासाठी.

दोन्ही वाटांनी हे काम होतं. फरक पडतो तो नंतर काय काय निस्तरावं लागतं त्यात.

बॅटरीची वाट सोपी वाटते, कारण शोधाशोध नाही. इग्निशन बंद, चावी गाडीबाहेर, दहाचा पाना, आधी निगेटिव्ह. पॉझिटिव्हला हात लावायची गरज नाही. दहा-पंधरा मिनिटं थांबून टर्मिनल परत घट्ट बसवायचं. निगेटिव्हवर बॅटरी सेन्सरची छोटी डबी असेल तर ती पकडून ओढू नका.

आता निस्तरायचं काय? घड्याळ आणि रेडिओ ही किरकोळ बाब, पण जुन्या होंडा गाड्यांत रेडिओ कोड मागतो, आणि सेकंडहँड गाडीबरोबर त्या कोडचं कार्ड क्वचितच मिळतं. इंजिनाचं शिकलेलं आयडलिंग, म्हणजे गाडी उभी असताना इंजिन किती फिरवायचं तो अंदाज, पुसलं गेलं तर एसी लावून सिग्नलला उभं असताना काही काळ गचके जाणवतात. हे सगळं चालवून घेता येईल. मला नकोसा होतो तो काचांचा प्रकार. बऱ्याच गाड्यांत बॅटरी तुटली की पॉवर विंडोची ‘वरची जागा’ विसरली जाते. एकदा खटका ओढून काच आपोआप वर जाणं बंद होतं. खटका धरून ठेवाल तेवढीच ती चढते, कधी टप्प्याटप्प्याने. बोट अडकलं तर काच मागे घेणारी सोयही जागा पुन्हा शिकवेपर्यंत भरवशाची राहत नाही. मग इग्निशन चालू करून प्रत्येक काच पूर्ण खाली न्यायची, पूर्ण वर आणायची आणि वर टेकल्यावरही खटका काही सेकंद धरून ठेवायचा. जिथे चारही काचा ऑटो आहेत तिथे हे चार वेळा, आणि काही गाड्यांत त्या त्या दाराच्याच खटक्यावरून. बिघाड एसीचा आणि दुरुस्ती दारांची! पार्किंगची पावती घेऊन भर पावसात काच अर्ध्यावर थांबली की हे राहून गेल्याचं कळतं.

फ्यूजच्या वाटेने यातलं बहुतेक टळतं. तिची अडचण एकच, पण खरी: योग्य फ्यूज ओळखणं. फ्यूज बॉक्सच्या झाकणावर ‘ए/सी’ लिहिलेला पहिला फ्यूज उपसला की झालं असं नाही. तो बरेचदा इग्निशनवर चालणारा किंवा कॉम्प्रेसरच्या क्लचचा असतो, आणि तो काढून मेमरी जात नाही. हवा असतो तो गाडी बंद असतानाही मॉड्यूलला वीज देणारा. टोयोटात तो अनेकदा ‘ईसीयू-बी’ नावाने सापडतो, इतर गाड्यांत ‘बॅकअप’ किंवा ‘डोम’ अशा नावाखाली. सहसा 7.5 किंवा 10 अँपिअरचा. ब्लोअरचा (हवा फेकणाऱ्या पंख्याचा) 30-40 अँपिअरचा मोठा फ्यूज सोडून द्या. बॉनेटखालच्या बॉक्समध्ये प्लास्टिकचा चिमटा बहुधा असतो, त्यानेच ओढा. पक्कडीने फ्यूजचं प्लास्टिक तुटतं. एक मिनिट थांबा, तोच फ्यूज परत दाबा. पॅनलवर तुम्ही लावलेलं तापमान जसंच्या तसं दिसलं, तर बहुधा चुकीचा फ्यूज काढला होता.

यानंतरची पायरी दोन्ही वाटांना सारखीच, आणि लोक चुकतात ते इथे. इग्निशन चालू केल्यावर एसीच्या कुठल्याही बटणाला मिनिटभर हात लावायचा नाही. जनरल मोटर्सच्या गाड्यांत या मोजणीला 40 सेकंद देतात. इतरत्र मिनिट धरलेलं बरं. ग्लव्हबॉक्समागून बारीक घूंऽऽ आवाज आला तर मोटरी फिरताहेत. टक-टक आली तर गिअरचे दात तुटलेत, तिथे कुठलाच रीसेट कामाचा नाही. मग इंजिन चालू करून तापमान आधी ‘लो’, मग ‘हाय’, एकेक मिनिट ठेवा आणि दोन्हीकडची हवा हाताने तपासा.

टोयोटाच्या 2000 नंतरच्या दशकातल्या बऱ्याच गाड्यांत रीसेटच्या आधी एक फुकटची तपासणी होते: ‘ऑटो’ आणि हवा आत फिरवण्याचं बटण एकत्र दाबून धरायचं आणि इग्निशन चालू करायचं. दिवे लुकलुकून कोड दिसतात. 11 म्हणजे केबिनचा सेन्सर, 12 बाहेरचा, 31 गरम-गार मिसळणारा फ्लॅप. झाकलेल्या पार्किंगमध्ये 21 दिसला तर घाबरू नका. तो उन्हाच्या सेन्सरचा आहे आणि अंधारात येतोच. उन्हात उभ्या गाडीतही 21 आला तर आधी डॅशबोर्डवर पाहा: गणपती किंवा मखमली मॅट या सेन्सरच्या काळ्या टिकलीवर तर बसलेली नाही ना? सेन्सर झाकला की मॉड्यूल सावली समजतं आणि गारवा कमी देतं. ‘ऑफ’ दाबलं की तपासणीतून बाहेर.

बॅटरीची वाट टाकाऊ नाही. झाकणावरचा तक्ता पुसला असेल, किंवा स्क्रीन, घड्याळ आणि एसी एकदमच अडकले असतील, तर तीच बरी. मात्र इंजिन बंद असताना बॅटरी 12.4 व्होल्टच्या खाली दाखवत असेल तर आधी ती चार्ज करा, नाहीतर पुढच्या स्टार्टला मोजणी परत सरकेल. एरवी मी फ्यूजच काढेन. आणि फ्यूजनंतरही काही दिवसांत तीच बाजू पुन्हा कोमट झाली, तर बॅटरी काढून पाहण्यापेक्षा त्या बाजूच्या फ्लॅपची मोटर तपासून घ्यावी. दोन्हीकडे सारखीच कोमट हवा येत असेल तर आधी गॅस तपासा.