लोगोचं स्केच दाखवायचंय? बेळगावातल्या या डीटीपीवाल्या काकांकडं जा

वडगावच्या मागांवरच्या साड्यांचे उरलेले तुकडे जोडून मी पिशव्या आणि बटवे शिवते. लोगोसाठी स्वतःच धोट्याचं, म्हणजे मागावर आडवा दोरा नेणाऱ्या लाकडी नळ्याचं, चित्र काढलं होतं. धोट्याच्या टोकातनं दोरा निघतो आणि वळत वळत त्याचा ‘व’ होतो. घरच्या ग्रुपवर टाकलं तर धडाधड अंगठे आले, मावशीनं गुलाबाची फुलं पाठवली. बरं वाटलं, पण त्या फुलांवरनं रबरी शिक्का कसा उठेल ते थोडंच कळतं!

मग गणपत गल्लीजवळच्या बोळातल्या या दुकानात गेले. मूळ धंदा लग्नपत्रिकांचा. नाव लिहू नको असं काकांनीच सांगितलंय, कारण आहे तेच काम उरकत नाही. त्या भागात कुठल्याही पत्रिकेच्या दुकानात “लोगोवाले काका” म्हणून विचारा.

काकांनी स्केच घेतलं. छान नाही की वाईट नाही, सरळ झेरॉक्स मशीनवर ठेवून लहान केलं, परत लहान केलं, नखाएवढं होईपर्यंत. मग तो कागद काउंटरवर सरकवून पत्रिकेचं प्रूफ बघायला आलेल्या माणसाला म्हणाले, “हे काय दिसतंय, बघा की ओ.”

“मासा न्हवं?”

शेजारच्या बाईंनी कन्नडमध्ये होडी म्हटलं. बाकावर बसलेले एक म्हातारे मात्र पुढं आले. त्यांचा जन्म मागावर गेलेला. “धोटा हाय व्हय! खरं दोरा टोकातनं कुठं येतोय? बाजूच्या भोकातनं येतो की. आन् मधली दोऱ्याची कांडी कुठाय?”

माझ्या मते या दुकानाची खरी सेवा हीच. नेटवर तयार लोगो देणाऱ्या साइटी मी चाळल्या आहेत. तिथं धोटा शोधला तर शिलाई मशीन समोर येतं. इथं मात्र धोटा हातात धरलेला माणूस बाकावर बसलेला असतो. कांडी घातल्यावर चित्रातला मासा गेला.

दुसरा मुद्दा काकांचा. ‘व’ काढून टाका म्हणाले. 2024 च्या दुरुस्तीनंतर कर्नाटकात दुकानाच्या पाटीवर 60 टक्के कन्नड हवं, तेही वरच्या बाजूला. पिशव्या पुण्या-मुंबईला पाठवायच्या तर मराठी किंवा इंग्रजी आलं. कन्नडमधला ‘व’ दिसायला वेगळाच, मग पाटीवर एक लोगो आणि पिशवीवर दुसरा होणार. नुसता धोटा ठेवला तर त्याच्या शेजारी कुठलीही लिपी बसते. मला तो ‘व’ फार आवडायचा, अजूनही आवडतो. पण बोलणं पटलं.

रंगाचं त्यांनी थोडक्यात उरकलं: आधी काळ्या एका रंगात चांगलं दिसू दे. स्क्रीन प्रिंटिंगला प्रत्येक रंगाची वेगळी स्क्रीन, म्हणजे वेगळा खर्च. पेन्सिलीच्या बारीक रेघांवर मात्र बराच वेळ घेतला. माझ्याच पिशवीचा जाडाभरडा तुकडा भिंगाखाली धरून दाखवला. विणीच्या खाचांत बारीक रेघ तुटते आणि दोन रेघा जवळ असल्या तर मधली जागा शाईनं भरते. धोट्याच्या कडेला मी हौसेनं काढलेली नक्षी तिथंच गेली.

आता तक्रारी. लग्नसराईत जाऊ नका. तुमचं काम पत्रिकांच्या गठ्ठ्याखाली जातं आणि फोन उचलला जात नाही. त्यांच्या मॉनिटरवरच्या रंगावर विसंबू नका. माझा मेंदी रंग तिथं शेवाळासारखा दिसत होता, कागदावर ठीक आला. आणि फाइल मागितल्याशिवाय मिळत नाही. नुसती जेपीजी घेऊन बाहेर पडू नका, मोठी केली की कडा फाटतात. ते ज्या सॉफ्टवेअरमध्ये लोगो रेखतात त्या कोरलची मूळ फाइल मागा आणि अक्षरं कर्व्ह केलेली, म्हणजे चित्रासारख्या रेघांत बदललेली, आहेत ना ते विचारा, नाहीतर दुसऱ्या प्रेसमध्ये उघडताना फॉन्ट बदलतो.

स्केच बघायचे ते पैसे घेत नाहीत, कोरलमध्ये रेखून देण्याचे घेतात. भाव कामावर ठरतो, तेव्हा आधीच विचारून घ्या. बोलणं फटकळ आहे. माझ्यासमोरच एका पोराला म्हणाले, “हे मोबाइलवरनं उचललंयस, तुझं काय आहे ते दाखव.” पोरगं तोंड पाडून गेलं, खरं काका चुकले असं मला वाटलं नाही.

ट्रेडमार्कचं मात्र त्यांना विचारू नका, त्याला वकीलच गाठा. पिशव्या वर्ग 18 मध्ये येतात, कपडे 25 मध्ये. एकट्यानं धंदा करणाऱ्याला ऑनलाइन अर्जाची सरकारी फी वर्गामागे 4,500 रुपये आहे. मी सध्या फक्त 18 चा अर्ज करतेय.