व्हॅलेन्सियाची ला लोंखा: एक्स्पोर्टवाल्यांनी जरूर बघावी

न्हावा-शेव्याहून जाणाऱ्या मालाची कागदपत्रं करणं हे माझं काम. एल/सी (लेटर ऑफ क्रेडिट, म्हणजे कागदपत्रं बरोबर असतील तर पैसे देण्याची बँकेची हमी), बिल ऑफ लेडिंग (जहाजावर चढवलेल्या मालाची पावती), इन्शुरन्स यातच दिवस जातो. त्यामुळे स्पेनमधल्या व्हॅलेन्सियातल्या या जुन्या रेशीमबाजारात मी इतरांपेक्षा जरा जास्तच रेंगाळले.

व्यवहार चालायचे ते मोठं दालन १४९८ साली पूर्ण झालं. जहाजाच्या दोरखंडासारखे पिळदार खांब, आणि वर भिंतीभोवती सोनेरी लॅटिन अक्षरांची पट्टी. तिचं भाषांतर मोबाइलमध्ये घेऊनच जा. बोलण्यात कपट नाही, दिलेला शब्द मोडत नाही, पैसा व्याजाने लावत नाही, असा व्यापारी श्रीमंत होईल, असं तिथे लिहिलंय. सौदा करताना मान वर केली की हेच दिसणार!

शेजारी कॉन्सुलातची, म्हणजे समुद्री व्यापाराच्या न्यायालयाची, इमारत आहे. लोक तिथलं सोनेरी छत बघून निघतात, पण खरी गंमत पुढे आहे. १२८३ साली राजाने इथल्या दर्यावर्दी लोकांना स्वतःचं न्यायालय दिलं. अधिकार राजाचा, पण निवाडा धंद्यातल्या माणसांचा आणि नियम बंदरोबंदरी रुळलेल्या रिवाजांचे. कोर्टाचा घोळ न घालता झटपट निकाल. जहाज वाट बघत थांबत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

त्या नियमांतला एक आजही माझ्या टेबलावर येतो. जहाज वाचवायला माल समुद्रात टाकावा लागला, तर तोटा एकट्या मालवाल्याचा नाही. जहाजमालक आणि ज्यांचा माल वाचला त्या सगळ्यांनी तो वाटून घ्यायचा. ऱ्होड्स या ग्रीक बेटाच्या समुद्री रिवाजातून हे रोमन कायद्यात आलं आणि तिथून भूमध्य समुद्रभर पसरलं. आज त्याला जनरल ॲव्हरेज म्हणतात. ज्याचा कंटेनर धडधाकट आहे, त्यालाही हमी दिल्याशिवाय माल सोडवता येत नाही. पहिल्यांदा ऐकणारा चिडतोच. त्याला मी आता या दालनाची गोष्ट सांगते.

एल/सीचे नियमही कुठल्या संसदेने केलेले नाहीत. पॅरिसच्या इंटरनॅशनल चेंबर ऑफ कॉमर्सने १९३३ मध्ये बँकांची चालत आलेली पद्धत लिहून काढली, आणि तीच सुधारत सुधारत आपण वापरतो.

पाचपैकी पाच. तिकीट स्वस्त आहे. समोरचा मर्कादो सेंत्राल, म्हणजे मुख्य बाजार, दुपारी तीनला बंद होतो, म्हणून आधी तिथे खाऊन घ्या आणि मग लोंखाला निवांत वेळ द्या.