सात महिने वापरलेलं 'जेड' आणि न जळणारा दोरा

गोव्यात बाणस्तारीच्या पुलाच्या अलीकडे बसने ब्रेक मारला, मी वरची दांडी पकडायला गेले आणि मनगटावरचं ब्रेसलेट तटकन तुटलं. मणी सगळ्या बसभर. शाळकरी पोरं सीटखाली वाकली, एका बाईंनी मासळीच्या पिशवीखालून दोन काढून दिले, कंडक्टरने पुढच्या दाराजवळून एक आणला नि विचारलं, "बाय, हो तुमचो?" वीसातले एकोणीस मिळाले. विसावा पणजीला गेला असेल, मी मात्र त्या दिवशी मूडच गेल्याने अर्ध्यावरूनच परत फिरले.

त्याच रात्री ब्रेसलेटच्या रिव्ह्यूसाठी एक स्टार देऊन चार ओळी खरडल्या होत्या. बरं झालं पाठवल्या नाहीत, कारण नंतरच्या तीन आठवड्यांत माझं मत दोनदा फिरलं.

खरेदी जानेवारीतली. पुण्याची आतेबहीण आली होती, तिला बारदेशातला रात्रीचा बाजार बघायचा होता. तिथल्या एका स्टॉलवर हिरव्या मण्यांचं ब्रेसलेट दिसलं. साडेचार हजार सांगितले, घासाघीस करून चोवीसशेला घेतलं. एवढे पैसे एका दगडी माळेला मी एरवी देणार नाही, पण स्टॉलवाल्याने एक प्रयोग करून दाखवला. एका मण्याभोवती शिवणाचा दोरा घट्ट गुंडाळला आणि त्यावर लायटर धरला. दोरा जळला नाही! "असली जेड, मॅडम." जेड म्हणजे दागिन्यांत घालतात तो महागडा, बहुधा हिरवा दगड. बहीण म्हणाली घे. वर मी मण्यांतली चमचम बघून खूश. उन्हात धरलं की आत बारीक चांदीचा चुरा घातल्यासारखं दिसायचं. साधं, चमचम नसलेलं शेजारीच अठराशेला होतं. म्हणजे चमचमीचे मी सहाशे जास्त मोजले. हा आकडा लक्षात ठेवा.

सात महिन्यांच्या वापराबद्दल दगडाविषयी तक्रार शून्य. आडाळीवर नारळ खवताना रोज पात्यावर आपटायचं, एक ओरखडा नाही. घाम, खोबरेल तेल, पावसाळ्यातला दमटपणा, भांड्यांचा साबण, कशानेही रंग उतरला नाही. कंबरदुखीला मात्र उपयोग नाही. विकणारा म्हणाला होता म्हणून सांगते. जेड हे नावच मुळात 'कुशीच्या दुखण्याचा दगड' अशा अर्थाच्या स्पॅनिश नावावरून आलंय आणि नेफ्राइट या जेडच्या एका प्रकाराचं नाव मूत्रपिंडाच्या ग्रीक शब्दावरून. तेव्हा थाप जुनी आहे, एवढंच.

आता दोरी. दगड अभेद्य आणि दोरी सात महिन्यांत खलास, हे गणित मला झेपत नाही. चोवीसशे रुपयांच्या वस्तूत दोन रुपयांचं पारदर्शक इलॅस्टिक! तेही एकपदरी. मी दुकानाला व्हॉट्सॲप केलं, फोटो पाठवला. उत्तर आलं की दोरी 'कन्झ्युमेबल' आहे, कुरियरने पाठवा, ओवायचे साडेतीनशे आणि जायचा-यायचा खर्च तुमचा. मी लिहिलं की तुमचा दोरा तर आगीतही जळत नव्हता. त्यावर त्यांनी हसण्याची इमोजी पाठवली. ती इमोजी नसती तर पुढचं काहीच घडलं नसतं.

रागाच्या भरात मी पहिल्यांदा तो दोऱ्याचा प्रयोग घरी केला. स्टीलच्या पळीच्या दांड्याला दोरा गुंडाळला, लायटर धरला. नाही जळला. मग नदीकाठच्या एका गुळगुळीत गोट्याला गुंडाळला. तोही नाही. घट्ट बसलेल्या दोऱ्याची उष्णता खालची वस्तू ओढून घेते, त्यात जेडची काही कर्तबगारी नाही. गालाला लावून 'थंड लागतं म्हणजे खरं', काचेवर ओरखडा काढून 'कडक आहे म्हणजे खरं', हे त्याच जातीचं. रस्त्यावरचा गारगोटीचा तुकडाही थंड लागतो नि काच कापतो.

चिरंजीवांनी कॉफी मोजायला ०.१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा घेतलाय. (हजार रुपयांच्या काट्यावर वीस रुपयांची कॉफी मोजतात. असो.) त्याने सांगितलेली युक्ती अशी: वस्तू आधी कोरडी तोला. मग काट्यावर पाण्याचा ग्लास ठेवा, आकडा शून्यावर आणा आणि वस्तू दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडेल अशी धरा, पण तळाला टेकू देऊ नका. काट्यावर जेवढे ग्रॅम वाढतात तेवढे घन सेंटिमीटर वस्तूचं आकारमान. पहिल्या आकड्याला दुसऱ्याने भागा, की घनता मिळते. बुडबुडे चिकटले असतील तर हलवून घालवा, नाहीतर आकडा चुकतो. मोठ्या वस्तूला साधा काटा चालेल, मण्यांना नाही.

माझे एकोणीस मणी: कोरडे २६.४ ग्रॅम, पाण्यात वाढ १०.०. भागाकार २.६४.

जेड म्हणून दोन वेगळी खनिजं विकली जातात, हे १८६३ साली दामूर या फ्रेंच खनिजशास्त्रज्ञाने दाखवलं. जेडाइटची घनता ३.३ च्या आसपास, नेफ्राइटची २.९ ते ३. माझे २.६४ या दोघांच्याही खाली. हा क्वार्ट्‌झ, म्हणजे गारगोटीचाच भाऊबंद. आणि ती चमचम? हिरवा क्वार्ट्‌झ ज्याच्यामुळे चमचमतो तो फुक्साइट, एक प्रकारचा अभ्रक. दगडाचं नाव ॲव्हेंच्युरीन. जेडमध्ये अशी चमचम नसते. म्हणजे जी खूण बघून मी सावध व्हायला हवं होतं, तिचेच सहाशे रुपये जास्त मोजले.

काट्यावर विश्वास बसेना म्हणून शेजारच्या आंटीला गाठलं. तिचे मिस्टर जहाजावर होते, ऐंशीच्या सुमारास त्यांनी हाँगकाँगहून पांढरट-हिरवी अखंड बांगडी आणलेली. ती हातातून निघेना. साबण लावला, मग खोबरेल, मग हातावर प्लॅस्टिकची पिशवी चढवून ओढली. आंटी सारखी, "फुटली जाल्यार?" नाही फुटली. ५५.२ ग्रॅम, वाढ १६.६. जवळजवळ ३.३३. जेडाइटला साजेसा आकडा. आंटीने बांगडी पुसली, परत चढवली आणि माझ्या मण्यांकडे बघून काहीच बोलली नाही. ते न बोलणं मला चोवीसशेपेक्षा महाग पडलं.

मग खोका शोधला. दुकानाने दिलेलं सोनेरी कडांचं कार्ड, वर ठळक 'जेड' आणि खाली चष्मा लावून वाचावं इतक्या बारीक अक्षरात 'इंडियन जेड'. ॲव्हेंच्युरीनचं ते बाजारातलं नावच आहे. तसंच सर्पेंटाइनला 'न्यू जेड', रंगवलेल्या क्वार्ट्‌झाइटला 'मलेशियन जेड', एका गार्नेटला 'ट्रान्सवाल जेड'. जेडच्या आधी गाव, देश किंवा असंच काही विशेषण चिकटलं की खिसा सांभाळा. तर कागदावर त्यांनी मला फसवलेलं नाही. हे कळल्यावर माझा राग थोडा उतरला आणि थोडा चढला. वस्तू म्हणून वाईट नाही, ॲव्हेंच्युरीन पक्का दगड आहे. पण असंच ब्रेसलेट ऑनलाइन दोन-तीनशेला मिळतं. एक स्टारचे अडीच केले ते दगडासाठी. उरलेले अडीच दोरीने खाल्ले.

ज्यांना खरंच जेडच घ्यायचंय त्यांना एक महत्त्वाचं: पाण्याचा ग्लास फक्त खनिज कोणतं याचा अंदाज देतो, त्याच्यावर काय केलंय ते नाही. जेडाइटचे बाजारात ए, बी, सी असे प्रकार बोलतात. ए म्हणजे नैसर्गिक, वर फार तर मेण. बी म्हणजे ॲसिडमध्ये बुडवून डाग काढलेला आणि पोकळ्यांत प्लॅस्टिकसारखा पॉलिमर भरलेला. सी म्हणजे रंगवलेला. बी नवा असताना ए पेक्षाही देखणा दिसू शकतो, आणि ते डोळ्यांनी खात्रीने ओळखता येत नाही, इन्फ्रारेड तपासणी लागते. तेव्हा मोठी रक्कम असेल तर दुकानाचं कार्ड नको, स्वतंत्र लॅबचा रिपोर्ट मागा. जयपूरची पूर्वीची जेम टेस्टिंग लॅबोरेटरी (आता आयआयजीजे-आरएलसी) आहे, मुंबईत जीआयए ही रत्नं तपासणारी संस्था आहे. रिपोर्टवर खनिजाचं नाव आणि 'ट्रीटमेंट'पुढे काय लिहिलंय तेवढं वाचा. दोन-अडीच हजारांच्या मण्यांसाठी मात्र हा खटाटोप परवडत नाही, तिथे कॉफीचा काटा बरा.

अखंड कडं घेणाऱ्यांनी मापाचं बघा. आपलं दोन-सहा म्हणजे दोन इंच आणि सहा-सोळांश, साधारण ६०.३ मिलिमीटर आतला व्यास. काचेच्या पातळ बांगडीला हे माप बसतं म्हणून जाड जेडलाही बसेल असं नाही. दगड वाकत नाही, आणि एकदा अडकला की आंटीसारखी गत.

शेवटी मणी फोंड्याच्या बाजारात मंगळसूत्रं गाठवणाऱ्या काकांकडे नेले. त्यांनी एक मणी भिंगाखाली धरला, भोकात सुई फिरवली आणि म्हणाले, "दोरी वाईट नाही हो, भोकाची धार वाईट. कापलीच असती." एकेका भोकाच्या कडा बारीक कानशीने घासल्या. पाऊण तास. दुपदरी इलॅस्टिक, गाठीवर डिंकाचा थेंब, गाठ मण्याच्या आत ढकललेली. विसावा मणी त्यांच्या डब्यातला, काचेचा, फुकट. ऐंशी रुपये. मी शंभर दिले, वीस परत केले त्यांनी. एवढे दिवस मी दोरीला शिव्या घातल्या त्या चुकीच्या पत्त्यावर गेल्या, पण धार काढून ठेवलेले मणी विकणाऱ्याचाच पत्ता तो, तेव्हा स्टार वाढवत नाही.

चवथीला घालून सगळीकडे फिरले. काचेचा मणी कोणता ते एकीलाही ओळखता आलं नाही. आंटीने ओळखला.

काल दुकानाचा मेसेज आला: पाच स्टारचा रिव्ह्यू टाका, दुसरं ब्रेसलेट निम्म्या किमतीत. मी विचारलं, त्याच्या भोकांच्या कडा घासलेल्या आहेत का? निळ्या खुणा दिसतायत, उत्तर नाही.