नव्या टाकीचं दुधाळ पाणी आणि एपीआयचं मास्टर टेस्ट किट

माशांची टाकी मांडून तीन-चार दिवस झाले की पाणी तांदूळ धुतलेल्या पाण्यासारखं दिसू लागतं आणि घरोघरी पाणी नितळ करणारी बाटली आणली जाते. त्या बाटलीऐवजी थोडे जास्त पैसे घालून एपीआय या कंपनीचं फ्रेशवॉटर मास्टर टेस्ट किट, म्हणजे द्रावणांचे थेंब टाकून टाकीतलं पाणी तपासायचा संच, घ्या. हे किट पाणी स्वच्छ करत नाही. मासे जगतील की नाही, हे मात्र तेच सांगतं.

आधी गढूळपणा ओळखा. पाणी भरताच आलेला करडा किंवा मातकट रंग ही न धुतलेल्या खडीची धूळ असते. ती दिवसभरात खाली बसते किंवा फिल्टरच्या स्पंजात अडकते. इथे ती बाटली खरोखर काम करते, कारण तिच्यातलं द्रव्य बारीक कणांचे गोळे करतं. हिरवं पाणी म्हणजे तरंगतं शेवाळ, त्यावर उपाय म्हणजे प्रकाश कमी करणं. दोन ते पाच दिवसांनी आलेला पांढरट धूसरपणा मात्र जिवाणूंचा असतो. उरलेलं खाद्य आणि विष्ठा यांवर ते झपाट्याने वाढतात. बाटलीने ते तात्पुरते खाली बसतात, पण त्यांचं अन्न टाकीत तसंच असल्यामुळे दोन दिवसांत पाणी पुन्हा पांढरं होतं. हे जिवाणू माशांना थेट इजा करत नाहीत, पण पाण्यातला ऑक्सिजन ओढतात. म्हणून हवेचा पंप रात्रीही बंद करू नये.

खरा धोका डोळ्यांना दिसत नाही. तो म्हणजे विष्ठा आणि उरलेल्या खाद्यातून तयार होणारा, माशांना विषारी असलेला अमोनिया. अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे जिवाणू वेगळे असतात. ते सावकाश वाढतात आणि स्पंजाला, खडीला चिकटून राहतात. त्यांची वस्ती पुरेशी व्हायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. तोवर पाणी काचेसारखं नितळ असलं तरी त्यात अमोनिया असू शकतो.

किटमध्ये द्रावणांच्या सात बाटल्या, चार काचनळ्या आणि रंगपट्टी येते. प्रत्येक चाचणीला नळीत ५ मिली पाणी लागतं. अमोनियासाठी दोन्ही बाटल्यांतले ८-८ थेंब, नायट्राइटसाठी ५ थेंब, आणि दोन्हींना नीट हलवून ५ मिनिटं थांबायचं. सगळ्यात जास्त चुका नायट्रेटच्या चाचणीत होतात. तिथे पहिल्या बाटलीचे १० थेंब टाकून नळी हलवायची, मग दुसरी बाटली ३० सेकंद जोरात हलवून तिचे १० थेंब टाकायचे, नळी पूर्ण एक मिनिट हलवायची आणि ५ मिनिटांनी रंग वाचायचा. दुसऱ्या बाटलीतलं द्रव्य तळाशी बसतं. ती हलवली नाही तर आकडा खोटाच कमी येतो आणि माणूस गाफील राहतो.

अमोनिया ०.२५ पीपीएमपर्यंत (पीपीएम म्हणजे दहा लाखांत किती भाग) असेल तर खाद्य निम्मं करा आणि रोज मोजत राहा. ०.५ च्या वर गेला की एक तृतीयांश पाणी बदला. दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच टाकीत खडी आणि वरची रिकामी जागा वजा जाता ४५ लिटरच्या आसपास पाणी असतं, म्हणजे साधारण १५ लिटरची एक बादली. पालिकेचं पाणी असेल तर ते क्लोरीन काढणारं औषध घालूनच टाकीत ओता. स्पंज नळाखाली कधीच धुऊ नका, कारण क्लोरीनमुळे नुकती बसलेली वस्ती मरते. टाकीतून काढलेल्या पाण्यातच तो पिळा.

अमोनियाच्या आकड्यासोबत पीएच, म्हणजे पाणी किती आम्लधर्मी किंवा अल्कधर्मी आहे तो आकडा, वाचायलाच हवा. २५ अंश तापमानाला पीएच ७ असताना एकूण अमोनियाचा जेमतेम अर्धा टक्का विषारी रूपात असतो, पीएच ८ ला तो पाच टक्क्यांच्या वर जातो. बोअरचं पाणी अनेक ठिकाणी जड (क्षार जास्त असलेलं) आणि पीएचने चढं असतं, त्यामुळे तिथे ०.५ हा आकडाही हलक्यात घेऊ नये. टाकी भरण्याआधी तेच पाणी एकदा तपासा. काही भागांत बोअरच्या पाण्यातच नायट्रेट असतं आणि मग ते पाहून जिवाणूंची वस्ती बसली, टाकी माशांसाठी तयार झाली, असा चुकीचा समज होतो.

आता उणिवा. अमोनियाचा ० आणि ०.२५ यांतला पिवळा-हिरवट फरक पिवळ्या दिव्याखाली कळतच नाही. दिवसा खिडकीजवळ, नळी पट्टीच्या पांढऱ्या भागावर टेकवूनच वाचा. झाकणं थोडी गळतात आणि काही द्रावणं त्वचा भाजणारी आहेत, म्हणून नळीच्या तोंडावर बोट ठेवून हलवू नका आणि किट मुलांच्या हाताला लागू देऊ नका. अमोनिया निष्प्रभ करणारं औषध घातल्यावरही किट एकूण अमोनिया दाखवतं, त्यामुळे आकडा पाहून घाबरून औषध पुन्हा ओतू नये. पाण्याचा जडपणा मोजण्याची सोय यात नाही, ते किट वेगळं घ्यावं लागतं.

पाण्यात बुडवून रंग पाहायच्या कागदी पट्ट्या स्वस्त असतात, पण त्यांतल्या बऱ्याच पट्ट्यांवर अमोनियाची चाचणीच नसते आणि नव्या टाकीत पहिल्यांदा तीच लागते. किट घेताना बाटल्यांवरची तारीख पाहून घ्या. अमोनिया आणि नायट्राइट सलग आठवडाभर शून्य आले आणि नायट्रेट वाढताना दिसलं, की पुढचे मासे आणा, तेही एका वेळी दोन-तीनच.