पिचकारी कोणती घ्यावी: दट्ट्याची, हवेच्या दाबाची, पाठीवरची की बॅटरीची?

खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलेलं अंतर बघून पिचकारी घेतली की फसगत ठरलेली. तितकं लांब पाणी जातं ते फार तर पहिल्या फवाऱ्याला, पूर्ण दाब असताना आणि नळी आकाशाकडे तिरकी धरली तर. अंगणात किंवा सोसायटीच्या आवारात मुलं एकमेकांपासून दहा-पंधरा फुटांवर पळत असतात आणि एवढं अंतर बहुतेक पिचकाऱ्या गाठतात. खेळ ठरतो तो वेगळ्याच गोष्टीवर: रिकामी झालेली पिचकारी पुन्हा भरून उभं राहायला किती वेळ लागतो. म्हणून दुकानात जायच्या आधी दोन गोष्टी ठरवा. पाणी बादलीत असणार की नळावर, आणि मुलाच्या हातात जोर किती आहे.

चाप ओढायच्या छोट्या पिस्तुलापासून सुरुवात करू, कारण ते लवकर बाजूला ठेवता येतं. आत काच पुसायच्या फवाऱ्याच्या बाटलीतला असतो तसलाच पंप असतो. एकदा चाप ओढला की साधारण 1 मिली पाणी बाहेर पडतं. सेकंदाला दोनदा ओढला तरी मिनिटाला 120 मिली, म्हणजे जेमतेम अर्धा पेला. भरायला छोटं बूच काढायचं, बारीक तोंड नळाखाली धरायचं, आणि ते बूच पहिल्या अर्ध्या तासात हरवतं. तीन-चार वर्षांच्या मुलाला हातात काहीतरी हवं म्हणून ठीक आहे, त्यापुढच्या वयाला नको.

आता दट्ट्याची पिचकारी. एक नळी, आत दट्टा, टोकाला भोक. बादलीत तोंड बुडवायचं, ओढायचं, उचलायचं, ढकलायचं. भरायला तीन सेकंद, मारायला तीन सेकंद. नळीत 300 मिली मावत असेल तर सराव झालेलं मूल मिनिटाला तीन लिटर पाणी सहज मारतं. बाकी कुठलाही प्रकार या वेगाच्या जवळ जात नाही. बादली शेजारी असेल तर सगळ्यात स्वस्त असलेली हीच पिचकारी बाकी सगळ्यांवर भारी पडते.

पण नळी किती जाड घ्यायची, इथे चूक होते. जाड नळी म्हणजे जास्त पाणी, म्हणून मोठी घेतली जाते आणि मग तक्रार येते की पाणी लांब जातच नाही. हिशेब सोपा आहे. सहा-सात वर्षांच्या मुलाने दट्ट्यावर 5 किलोचा जोर लावला असं धरू. 4 सेंमी व्यासाच्या नळीत तो जोर साडेबारा चौरस सेंमीवर वाटला जातो, दाब येतो दर चौरस सेंमीला 0.4 किलो. अडीच सेंमीच्या नळीत तोच जोर पाच चौरस सेंमीवर पडतो आणि दाब होतो 1 किलो, म्हणजे अडीच पट. घर्षण धरलं नाही तर पहिलीतून पाणी सेकंदाला सुमारे 9 मीटर वेगाने निघेल, दुसरीतून 14 मीटर. हात तोच, जोर तोच. म्हणून आठ वर्षांखालच्या मुलाला बारीक नळीच घ्या. तीत 40 सेंमी लांबीला 200 मिलीच पाणी मावतं हे खरं, पण 15 लिटरच्या बादलीत 75 वेळा भरून होते. जाड नळीने तीच बादली तीसेक वेळांत संपते आणि मग पाणी आणायला पळापळ. मार्चमध्ये टँकर सुरू झालेल्या वस्तीत हा फरक लहान नाही.

दुकानात पाण्याशिवाय दट्ट्याची परीक्षा घेता येते. टोकाचं भोक बोटाने घट्ट दाबा आणि दट्टा अर्धा ओढून सोडा. तो सटकन परत आत गेला तर दट्ट्याच्या टोकावरचा वायसर नळीला नीट बसलाय. ओढला तिथेच थांबला तर कडेने हवा शिरतेय, ती पिचकारी ठेवून द्या. मग मागचं झाकण बघा. मूल जोरात ओढतं तेव्हा सगळा धक्का त्या झाकणावर बसतो. नुसतं दाबून बसवलेलं असेल तर दट्टा झाकणासकट हातात येतो, म्हणून आट्यांचं घ्या. बाहेरून फोम लावलेल्या पिचकाऱ्यांत आतली नळी बारीकच असते, आणि ओल्या हातातून त्या निसटत नाहीत, बादलीत पडल्या तरी तरंगतात. लहान मुलांसाठी हा प्रकार आम्हाला सर्वांत आवडतो.

वायसर कोरडा पडला की दट्टा अडकतो किंवा पाणी मागून कोपरावर गळतं. घरात लगेच हाताशी येतं ते खोबरेल तेल, पण रबराला ते लावू नका. साधं रबर तेलाने फुगतं आणि दोन दिवसांनी दट्टा नळीत रुतून बसतो. सिलिकॉन ग्रीस मिळालं तर उत्तम, नाहीतर तेवढ्या दिवसापुरता भांड्याच्या साबणाचा एक थेंब पुरतो. जुन्या पितळी पिचकारीचा वायसर चामड्याचा असतो, त्याचं उलटं आहे. तो तेलात रात्रभर भिजवला की मऊ होऊन पुन्हा नळी धरतो. वाटीच्या आकाराचा वायसर बदलताना वाटीचं तोंड पाण्याच्या बाजूला ठेवायचं. उलटं बसवलं तर ढकलताना कडा आत दुमडतात आणि पाणी मागे येतं.

दट्ट्याची उणीव दोन ठिकाणी जाणवते. दोन्ही हात गुंततात, आणि एका दमात एकच फवारा मिळतो. बादलीपासून लांब पळत जाऊन खेळायचं असेल, गल्लीभर पाठलाग करायचा असेल, तर हवेच्या दाबाची बंदूक पुढे निघते.

ही कल्पना अमेरिकेतल्या लॉनी जॉन्सन या अभियंत्याची. 1982 मध्ये घरी पाण्यावर चालणाऱ्या उष्मा-पंपाचा प्रयोग करताना बाथरूममध्ये सुटलेल्या जोरदार धारेवरून त्यांना ती सुचली. 1990 मध्ये खेळणं बाजारात आलं आणि पुढच्या वर्षी त्याचं नाव ‘सुपर सोकर’ झालं. आज आपल्या बाजारातल्या टाकीच्या बंदुका त्याच तत्त्वावर चालतात: पंपाने टाकीत हवा कोंबायची, चाप दाबला की ती हवा पाण्याला बाहेर ढकलते.

म्हणूनच टाकी काठोकाठ भरू नका. पाणी दाबलं जात नाही, हवाच दाबली जाते. हवेला जागाच नसेल तर दोन-चार दांड्यांत पंप घट्ट होतो आणि एक पिचकन फवारा मारून बंदूक गप्प बसते. दुकानात परत आणलेल्या बऱ्याच बंदुकांचं दुखणं एवढंच असतं. दीड लिटरच्या टाकीत एक लिटर पाणी भरा, अर्धा लिटर हवा राहू द्या. आतला दाब बाहेरच्या हवेच्या तिप्पट, म्हणजे दोन पट जादा, होईपर्यंत पंप मारला तर टाकी रिकामी होता होताच दाब संपतो, पाणी वाया न जाता वापरलं जातं. मात्र त्यासाठी एक लिटर हवा आत ढकलावी लागते. पंपाच्या एका दांडीला 30 मिली हवा जात असेल तर तेहतीस-चौतीस दांड्या झाल्या. दहा वर्षांच्या मुलाला अर्धा मिनिट. सहा वर्षांचं मूल पंधरा दांड्यांत थकतं आणि बंदूक मोठ्यांच्या हातात देतं, मग दुपारभर पंप मारत बसायचं काम बाबांकडे येतं.

आणखी एक तोटा आधीच माहीत असावा: निम्मं पाणी गेलं की हा जादा दाब पाव उरतो. सुरुवातीची धार आणि शेवटची धार यांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो, त्यामुळे मध्ये एकदा आठ-दहा दांड्या माराव्या लागतात. भरण्याचा हिशेबही बघा. झाकण उघडा, नळाखाली धरा, बंद करा, पंप मारा. एक मिनिट सहज जातं. नळ जवळ नसेल आणि झाकणाचं तोंड अरुंद असेल तर मगाने ओततानाच निम्मं पाणी सांडतं. तोंडात चार बोटं जातील एवढं रुंद बघून घ्या.

या बंदुकीचं बिघडणं हातालाच कळतं. पंपाचा दांडा आपोआप वर येत असेल तर हवा मागे येऊ न देणारी झडप गळतेय, बहुधा वाळूचा कण अडकलाय. उघड्या टाकीत पाणी भरून पंप भराभर चालवला की तो पुष्कळदा निघून जातो. दांडा अगदी हलका चालत असेल, काहीच जोर लागत नसेल, तर झाकणातली रबरी चकती बघा. भरताना ती निघून बादलीत पडते आणि पाण्यासोबत फेकली जाते. चकती आहे तरी दाब धरत नसेल तर झाकणाभोवती साबणाचा फेस लावून पंप मारा, बुडबुडे येतील तिथे गळती. चाप न दाबता टोकातून पाणी ठिबकत असेल तर चापाच्या झडपेवर कचरा बसलाय. दुकानात कोरड्या टाकीत दहा दांड्या मारून अर्धा मिनिट थांबा, मग चाप दाबा. फस्स असा ठसठशीत आवाज यायला हवा.

पाठीवरच्या टाकीची पिचकारी मुलांना चित्रासाठी हवी असते आणि आई-बाबांना ती सोयीची वाटते. टाकीत दाब वगैरे काही नसतो. ती पाठीवरची बादलीच आहे, हातात असते ती दट्ट्याचीच पिचकारी, मध्ये नळी. प्रत्येक वेळी वाकून भरावं लागत नाही, हा फायदा खरा आहे. पण दोन लिटर पाणी म्हणजे दोन किलो. 2020 च्या राष्ट्रीय दप्तर धोरणात दप्तराचं वजन मुलाच्या वजनाच्या 10 टक्क्यांपुढे नको असं म्हटलंय. तेच माप इथे लावा: 20 किलोच्या मुलाच्या पाठीवर भरलेली दोन लिटरची टाकी ही अगदी वरची मर्यादा झाली, आणि हे मूल ओल्या फरशीवर धावणार आहे. टाकी अर्धीच भरा. दहा मिनिटांनी पाणी यायचं बंद झालं आणि टाकीच्या भिंती आत चेपलेल्या दिसल्या तर पिचकारी मोडलेली नाही. झाकणातलं हवेचं छिद्र बुजलंय. झाकण पाव वळसा सैल करा, पाणी लगेच सुरू होईल. नळी सांध्यातून निसटत असेल तर तिचं टोक गरम पाण्यात मिनिटभर धरून मऊ करा, पुरतं आत सरकवा आणि वरून प्लॅस्टिकची पट्टी आवळा.

बॅटरीची बंदूक सध्या दुकानात सगळ्यांत पुढे टांगलेली असते. चाप दाबून धरला की मोटर दट्टा चालवते आणि एकामागून एक छोटे फवारे सुटतात. हाताला जोर लागत नाही, त्यामुळे पाच वर्षांचं आणि बारा वर्षांचं मूल एकाच ताकदीने खेळतं. ज्या मुलाच्या हातात जोर कमी आहे त्याच्यासाठी हाच एक प्रकार खऱ्या अर्थाने बरोबरीचा आहे, आणि तेवढ्यासाठी तो घ्यावा. पण धार बारीक, म्हणून पाणी कमी पडतं. टाकी लहान, म्हणून सारखं भरावं लागतं. आणि रंगाचं पाणी तिला अजिबात चालत नाही: बारीक गाळ दट्ट्यात आणि झडपेत बसला की मोटर घरघरते, फवारा येत नाही, आणि उघडून साफ करायची सोय बहुधा नसते. कोरडी चालवली तरी झिजते. चार्जिंगच्या भोकावरचं रबरी बूच घट्ट बसतंय ना हे घेतानाच बघा. ओली असताना चार्जिंगला लावू नका, रात्रभर उघड्यावर वाळू द्या. बॅटरीची जागा फुगलेली दिसली तर ती बंदूक पुन्हा चार्ज करायची नाही. काळ्या रंगाच्या, खऱ्या पिस्तुलासारख्या दिसणाऱ्याही येतात. त्या घेऊ नका, भडक रंगाचीच घ्या.

धुळवडीला किंवा रंगपंचमीला रंग भरायचाच असेल तर दट्ट्याची पिचकारी हाच पर्याय, कारण ती उघडून धुता येते. पिठूळ गुलाल पाण्यात विरघळत नाही, तो फुगतो आणि टोकाशी गोळा होऊन बसतो. रंग आधी तपेलीत कालवून अर्धा तास ठेवा, वरचं पाणी पंच्याच्या दुहेरी घडीतून गाळून घ्या. पळसाची फुलं उकळून केलेलं केशरी पाणीही असंच गाळावं लागतं, पाकळ्यांचे धागे भोकात अडकतात. भोक बुजलं तर सुई घालू नका. काठ खरवडला की धार एकसंध न राहता फुटून पसरते आणि निम्म्या अंतरावरच पडते. टोक कोमट पाण्यात भिजत ठेवा आणि उलट्या बाजूने पाणी ओढा.

खरेदी पुण्यात बोहरी आळीत करा की मुंबईत क्रॉफर्ड मार्केटला, पाकिटावर आयएसआय चिन्ह बघा. 14 वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना ते 1 जानेवारी 2021 पासून सक्तीचं आहे: साध्या खेळण्यांवर आयएस 9873, बॅटरीच्या खेळण्यांवर आयएस 15644. चिन्हाखालचा परवाना क्रमांक ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये टाकून तपासता येतो.

तर घरी पाच-सहा वर्षांचं मूल असेल आणि आवारात बादल्या भरून ठेवता येत असतील तर फोमची बारीक पिचकारी घ्या, हवं तर दोन. दहाच्या पुढचं असेल, नळ जवळ असेल, पळापळीचा खेळ असेल तर दीड लिटरची दाबाची बंदूक. पाठीवरची फक्त वजन झेपत असेल तर. बॅटरीची साध्या पाण्यासाठी, आणि खेळ अर्ध्या तासाचा असेल तर. वेगवेगळ्या वयाची मुलं एकत्र खेळणार असतील तर मोठ्यांना दट्टा आणि लहानांना बॅटरी दिली की खेळ बऱ्यापैकी बरोबरीत येतो.

कुठलीही घेतली तरी खांद्याच्या वर नेम नको आणि सहा फुटांच्या आत चाप नको. सेकंदाला 14 मीटर वेगाची धार जवळून डोळ्यात गेली तर आत रक्त साकळू शकतं. डोळा लाल दिसला, धूसर दिसायला लागलं, तर चोळू न देता थेट डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्या. खेळ संपल्यावर दाबाच्या बंदुकीतली हवा सोडून द्या, भरलेली उन्हात ठेवू नका. साध्या पाण्याने दोनदा भरून मारा, उलटी टांगून दोन दिवस वाळवा, वायसर ज्या ठिकाणी नळीत सैलसर बसतो तिथे दट्टा ठेवा आणि टाकीचं झाकण उघडं ठेवूनच माळ्यावर टाका.