अंगणवाडी: वजन आणि आहारासाठी जरूर जा, दिवसभराच्या सांभाळाची सोय वेगळी बघा

२ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झालेल्या, अंगणवाड्या चालवणाऱ्या एकात्मिक बालविकास योजनेत सहा सेवा आहेत: पूरक आहार, पूर्वशालेय शिक्षण, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा (गरजेनुसार मोठ्या दवाखान्यात पाठवणं) आणि पोषण-आरोग्य शिक्षण. मूल दिवसभर सांभाळणं या यादीत नाही. कामावर जाणाऱ्या आईची खरी अडचण तिथेच होते.

सगळ्यात मोलाची सेवा म्हणजे दर महिन्याची वजन-उंची. डॉक्टरांकडे मूल आजारी पडल्यावर नेलं जातं, इथे ते धडधाकट असतानाही मोजलं जातं. पण मोजणी नीट हवी. काटा सपाट, कडक जमिनीवर आणि आकडा शून्यावर. मुलाचे स्वेटर, बूट, वाळे उतरवलेले. दोन वर्षांखालच्या मुलाची लांबी आडवं झोपवून घ्यायची, त्यापुढे उभं करून उंची. तान्ह्याला उभं करून मोजलं तर आकडा साधारण ०.७ सेंमी कमी भरतो, आणि सीमेवरचं मूल तेवढ्यावरून खुजं ठरतं. जन्मतारीख चुकली तर पुढचं सगळंच चुकतं, म्हणून पहिल्या नोंदणीला जन्मदाखला न्याच.

दंडाची पट्टी डाव्या दंडाच्या मध्यावर, हात सैल सोडून लावतात. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा दंडघेर ११.५ सेंमीपेक्षा कमी असेल तर मूल सॅम, म्हणजे तीव्र कुपोषित, ११.५ ते १२.५ च्या मध्ये असेल तर मॅम, म्हणजे मध्यम कुपोषित. पट्टी आवळली की निरोगी मूलही मॅममध्ये जातं, सैल राहिली तर आजारी मूल सुटून जातं. दोन्ही पावलांवर सूज असेल तर दंडघेर कितीही भरो, थेट दवाखान्यात न्या. बाकी सॅम मुलांसाठी ग्राम बालविकास केंद्र आहे, आणि गुंतागुंत असेल तर पोषण पुनर्वसन केंद्र. तिथे मुलाजवळ राहावं लागतं, आईची मजुरी बुडते. 'नको' म्हणणाऱ्या घरांमागे बहुतेकदा हेच कारण असतं.

आहाराचा २०१७ चा नियम कागदावर चांगला होता: मुलाला रोज ५०० कॅलरी आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिनं, तीव्र कुपोषित मुलाला ८०० कॅलरी, वर्षातले ३०० दिवस. पण त्याच वर्षी यासाठी ठरलेला दर रोजचे ८ रुपये, कुपोषित मुलासाठी १२. एवढ्यात डाळ-तेल भरपूर पडावं अशी अपेक्षाच चुकीची आहे. सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलांना टीएचआर, म्हणजे घरी न्यायचा पाकीटबंद आहार मिळतो, त्यापुढच्यांना केंद्रात गरम ताजा आहार. टीएचआर घरात सगळ्यांच्या ताटात गेला की मुलाचा वाटा उरत नाही. तो वेगळ्या डब्यात ठेवा. आदिवासी भागात अमृत आहार योजनेतून गरोदर आणि स्तनदा मातांना रोज एक चौरस जेवण आणि मुलांना अंडी किंवा केळी मिळतात. ही योजना आम्हाला टीएचआरपेक्षा कितीतरी सरस वाटते, कारण जेवण समोर खाल्लं जातं.

सगळ्यात जास्त खोळंबा होतो तो पोषण ट्रॅकरवर. मार्च २०२१ पासून प्रत्येक लाभार्थ्याची नोंद या अॅपमध्ये जाते, आणि आता टीएचआर घेताना ई-केवायसी (आधारवरून ओळख पटवणं) आणि चेहऱ्याची पडताळणीही लागते. आधारला जोडलेला नंबर नवऱ्याचा असतो, तो कामावर असतो, ओटीपी त्याच्याकडे जातो आणि बाई पाकिटाविना परत येते. म्हणून आधी आईच्या आधारला तिचाच चालू नंबर जोडून घ्या. पडताळणीला दारातल्या उजेडात उभं राहा, अंधाऱ्या खोलीत चेहरा जुळत नाही. ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर निघण्याआधी सेविकेला सांगून नोंद स्थलांतरित करून घ्या, नाहीतर नव्या ठिकाणी आहारासाठी खेटे घालावे लागतात.

सेविकेचा वेळ या नोंदींत जातो, आणि त्याची किंमत मुलांचं शिक्षण मोजतं. पूर्वशालेय अभ्यासक्रमातली गाणी, गोष्टी, हातकाम मागे पडतं. तरीही ती कागदावर मानधनी: केंद्राने २०१८ मध्ये ठरवलेलं मानधन दरमहा ४,५०० रुपये, त्यातही केंद्राचा वाटा ६० टक्के, बाकी राज्याकडून. डिसेंबर २०२३ चा संप त्यातूनच झाला. ग्रॅच्युइटीचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये मान्य केला. सेविकेवर ओरडण्याआधी पालकांनी हे लक्षात घ्यावं.

दिवसभराच्या सांभाळासाठी पाळणा योजना आहे: सहा महिने ते सहा वर्षांची जास्तीत जास्त २५ मुलं, रोज साडेसात तास. अंगणवाडीलाच जोडून पाळणाघर चालवता येतं. मागणी तोंडी करू नका. मुलांची नावं, वयं आणि आयांच्या कामाच्या वेळा लिहून अर्ज बालविकास प्रकल्प अधिकाऱ्याकडे द्या आणि पोच घ्या. नोकरदार आईसाठी दुसरा रस्ता कंपनीचा: मातृत्व लाभ कायद्याच्या २०१७ च्या दुरुस्तीने आलेल्या आणि आता सामाजिक सुरक्षा संहितेत असलेल्या नियमानुसार ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तर पाळणाघराची सोय द्यावीच लागते, आणि आईला दिवसात चार वेळा मुलाकडे जाता येतं. नेमणूक होतानाच या सोयींची माहिती लेखी मागा.